विश्लेषण : समृद्धीवर धावताना गाडीचे ‘मिक्श्चर’ कोण ठरवते? ट्यूनिंग केल्याने मायलेज खरेच वाढते का?

नागपूरजवळच्या शिवमडक्याहून समृद्धी महामार्गाला लागले की गाडी तासाला शंभरच्या वेगावर स्थिर होते. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर टेकलेला असतो, गिअर बदलावा लागत नाही आणि डॅशबोर्डवरचा मायलेजचा आकडा डोळ्यांसमोर असतो. ई-२० पेट्रोल आल्यापासून हा आकडा घसरल्याची तक्रार अनेक कारमालक करतात. त्यावर ‘मिक्श्चर सेट करून देतो’, ‘रीमॅप करून अ‍ॅव्हरेज वाढवून देतो’ असे सांगणारेही भेटतात. इंधन इंजेक्शन असलेल्या गाडीत एकसारख्या वेगावर हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण नेमके कोण आणि कसे ठरवते? त्यात हात घातल्यास फायदा होतो की नुकसान?

हवा-पेट्रोलचे योग्य प्रमाण किती?

एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी साधारण १४.७ किलो हवा लागते. या प्रमाणात पेट्रोलही उरत नाही आणि ऑक्सिजनही उरत नाही. हवा यापेक्षा जास्त असेल तर मिश्रण पातळ, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘लीन’. पेट्रोल जास्त असेल तर ते ‘रिच’. प्रत्यक्षातील प्रमाण आदर्श प्रमाणाच्या किती पट आहे हे सांगणाऱ्या आकड्याला लॅम्डा म्हणतात. लॅम्डा १ म्हणजे बरोबर आदर्श, १ पेक्षा जास्त म्हणजे पातळ आणि कमी म्हणजे रिच.

एक उदाहरण घेऊ. १२०० सीसीची चार सिलिंडरची गाडी १०० च्या वेगाने लिटरला १८ किलोमीटर देत असेल, तर ती तासाला सुमारे साडेपाच लिटर, म्हणजे चार किलोच्या थोडे वर पेट्रोल जाळते. त्यासाठी ती तासाभरात ५५ किलोंहून अधिक हवा ओढते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर चारही इंजेक्टर मिळून सेकंदाला १०० वेळा पेट्रोल फवारतात. प्रत्येक फवारा एका थेंबाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच असतो. इतक्या बारीक मापात स्क्रू-ड्रायव्हरने फेरफार करणे शक्य नाही. म्हणूनच हे काम संगणकाकडे गेले.

कार्ब्युरेटरच्या काळात काय होते?

कार्ब्युरेटरला मिश्रणाचा स्क्रू असे. अनुभवी मेकॅनिक इंजिनाच्या आवाजावरून आणि प्लगच्या रंगावरून तो अर्धा-पाव फेरा फिरवून गाडी ‘लावून’ देत. मात्र हा स्क्रू मुख्यतः आयडलिंगसाठी होता. धावत्या वेगावरचे प्रमाण जेटच्या छिद्रावर ठरे. उन्हाळा असो वा हिवाळा, पठार असो वा घाट, छिद्र तेवढेच राही.

१ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल कारना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. पुढे प्रदूषणाची मानके कडक होत गेली, तसा कार्ब्युरेटर मागे पडला आणि इंजेक्शन आले. ‘मिक्श्चर सेट करणे’ हा शब्द राहिला, पण आजच्या गाडीत सेट करायला तो स्क्रूच नाही.

क्रूझिंगला प्रमाण कोण ठरवते?

इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, आधी आत येणारी हवा मोजतो. त्यासाठी इनटेक मॅनिफोल्डमधला दाब सांगणारा मॅप सेन्सर किंवा हवेचे वस्तुमान मोजणारा मॅफ सेन्सर असतो. हवेचे तापमान सांगणारा सेन्सर वेगळा. त्यावरून किती पेट्रोल लागेल याचा हिशेब करून ईसीयू इंजेक्टर काही मिलिसेकंद उघडतो.

पण हा झाला अंदाज. तो बरोबर ठरला का, हे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सांगतो. जळून बाहेर पडलेल्या धुरात ऑक्सिजन शिल्लक असेल तर मिश्रण पातळ होते, नसेल तर रिच. जर्मनीच्या बॉश कंपनीने बनवलेला असा सेन्सर १९७६ मध्ये प्रथम व्होल्वोच्या गाडीत बसला. साध्या प्रकारातला सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टदरम्यान संकेत देतो. त्यावरून ईसीयू पेट्रोल किंचित वाढवतो, लगेच किंचित कमी करतो. मिश्रण सतत आदर्शाच्या थोडे इकडे-तिकडे झुलत राहते आणि सरासरी लॅम्डा १ राहते. याला ‘क्लोज्ड लूप’ म्हणतात. समृद्धीवर एकसारख्या वेगात धावणे ही या पद्धतीसाठी सर्वांत सोयीची स्थिती. म्हणजे क्रूझिंगला तुमची गाडी स्वतःच स्वतःचे ट्यूनिंग करत असते, तेही दर सेकंदाला.

थंड इंजिन सुरू केल्यावर, सेन्सर तापेपर्यंत, आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर मात्र ईसीयू साधारणपणे या सेन्सरकडे बघत नाही. तेव्हा तो आधी शिकलेल्या दुरुस्तीवर आणि स्मृतीतल्या तक्त्यांवर चालतो.

ई-२० पेट्रोलमुळे नेमके काय बदलले?

६ फेब्रुवारी २०२३ रोजी बेंगळूरुत ई-२० पेट्रोलची औपचारिक सुरुवात झाली. २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट आधी २०३० चे होते, ते अलीकडे आणून २०२५ मध्ये गाठले गेले. नागपूरचे खासदार आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी हे इथेनॉलचे जुने पुरस्कर्ते. त्यामुळे या विषयाची चर्चा नागपुरात जरा जास्तच होते.

इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, वजनाच्या जवळपास ३५ टक्के. म्हणून एक किलो इथेनॉलला जळायला फक्त ९ किलो हवा पुरते. ई-१० साठी हे आदर्श प्रमाण सुमारे १४.१ आणि ई-२० साठी सुमारे १३.५ होते. म्हणजे तेवढ्याच हवेत ई-१० च्या तुलनेत साधारण ४ टक्के जास्त इंधन सोडावे लागते. ईसीयूने जुन्या हिशेबाने पेट्रोल सोडले तर मिश्रण पातळ होईल.

इथे ऑक्सिजन सेन्सर कामी येतो. टाकीत कोणते इंधन आहे हे त्याला कळत नाही, आणि कळण्याची गरजही नाही. तो फक्त जळल्यानंतर ऑक्सिजन उरला की नाही एवढेच बघतो. ऑक्सिजन उरलेला दिसताच ईसीयू पेट्रोल ४ टक्क्यांनी वाढवतो आणि लॅम्डा पुन्हा १ वर येतो. ही दुरुस्ती तो लक्षातही ठेवतो. त्यामुळे क्रूझिंगला ई-२० वर गाडी ‘लीन चालते’ ही समजूत सेन्सर ठणठणीत असलेल्या गाडीबाबत बरोबर नाही. जुन्या गाडीतले रबरी होस आणि सील इथेनॉल सोसतील का, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचा मिश्रणाशी संबंध नाही.

मग मायलेज का घटते?

कारण प्रमाण नव्हे, ऊर्जा. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. हिशेब केला तर ई-२० च्या एका लिटरमध्ये ई-१० पेक्षा साधारण साडेतीन टक्के आणि शुद्ध पेट्रोलपेक्षा जवळपास सात टक्के ऊर्जा कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींत ६ ते ७ टक्के, तर ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकींत १ ते २ टक्के घट अपेक्षित धरली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के आणि इतरांत ३ ते ६ टक्के घट होऊ शकते असे स्पष्टीकरण दिले. नव्या इंजिनांत घट कमी राहते, कारण इथेनॉलच्या जास्त ऑक्टेनचा फायदा घेता येईल असे प्रज्वलन आणि कॉम्प्रेशन त्यांना देता येते.

महिन्याला १००० किलोमीटर धावणारी आणि लिटरला १५ देणारी गाडी सुमारे ६७ लिटर पेट्रोल पिते. ४ टक्के घट म्हणजे महिन्याला पावणेतीन लिटर जादा. लिटरला शंभरावर रुपये मोजणाऱ्या ग्राहकासाठी ही रक्कम पावणेतीनशे रुपयांच्या घरात जाते. रक्कम खरी आहे, पण मिश्रण बदलून ती परत मिळत नाही. लिटरमध्ये नसलेली ऊर्जा कोणत्याही ट्यूनिंगने तयार होत नाही. उलट कोणाचे मायलेज २० टक्के घसरले असेल, तर त्याचे कारण ई-२० एवढेच नाही. दुसरे काहीतरी बिघडले आहे.

मिश्रण थोडे पातळ केले तर बचत होणार नाही का?

तत्त्वतः होते. लॅम्डा १.०५ च्या आसपास इंजिनाची कार्यक्षमता किंचित वाढते. तेवढीच शक्ती मिळवायला थ्रॉटल जास्त उघडावा लागतो, म्हणून हवा ओढण्यात वाया जाणारे श्रम वाचतात. जपानी कंपन्यांनी याच तत्त्वावर ‘लीन बर्न’ इंजिने विकली. होंडाच्या १९९२ च्या सिव्हिक व्हीएक्समध्ये क्रूझिंगला मिश्रण मुद्दाम खूप पातळ केले जाई. पण त्यासाठी इंजिनाची रचना वेगळी होती आणि सेन्सरही अधिक अचूक होता. तरीही कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या मॉडेलमध्ये ही सोय नव्हती. कारण होते नायट्रोजन ऑक्साइड.

आजच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला एकाच वेळी दोन उलट कामे करावी लागतात. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन यांना ऑक्सिजन द्यायचा, आणि नायट्रोजन ऑक्साइडकडून ऑक्सिजन काढून घ्यायचा. दोन्ही कामे लॅम्डा १ च्या अगदी अरुंद पट्ट्यातच एकत्र होतात. मिश्रण जरा पातळ राहिले की दुसरे काम जवळपास थांबते, आणि नेमके याच पट्ट्यात इंजिनातून नायट्रोजन ऑक्साइडही सर्वाधिक निघतात. शहरातल्या उन्हात ओझोन तयार करणारा हा वायू आहे. दोन-तीन टक्क्यांच्या बचतीसाठी मोजली जाणारी ही किंमत आहे.

त्यातही साधा सेन्सर तसाच ठेवून नुसता इंजेक्टरचा तक्ता पातळ केला तर काहीच साधत नाही. क्लोज्ड लूप ते पेट्रोल परत वाढवून टाकतो. म्हणून काही जण सेन्सरलाच फसवणारे सर्किट बसवतात. मग गाडीला खरे काय चालले आहे ते कळतच नाही. चढावर भर देताना पातळ मिश्रणात इंजिन ठोकायला लागते, मिसफायर झाल्यास कच्चे पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो वितळू शकतो. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमसारखे धातू असतात. नवा बसवण्याचा खर्च काही वर्षांच्या बचतीपेक्षा जास्त होतो.

पीयूसीत हे पकडले जाते का?

जाते. बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल कारची पीयूसी तपासणी आयडलवरच संपत नाही. इंजिन मिनिटाला सुमारे २५०० फेऱ्यांवर ठेवून कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा १ च्या ०.०३ इतका मागे-पुढे, किंवा उत्पादकाने जाहीर केलेल्या मर्यादेत, असावा लागतो. हे फेरे क्रूझिंगच्या जवळचेच आहेत. लॅम्डा १.०५ वर ‘सेट’ केलेली गाडी नीट केलेल्या तपासणीत नापास होईल. शिवाय ईसीयूत फेरफार आढळल्यास वॉरंटीचा दावा अडकण्याची शक्यता असते.

इंधनाच्या नळीवर लावायचे चुंबक किंवा सॉकेटमध्ये खोचायच्या ‘फ्युएल सेव्हर’ डब्या यांचाही विचार याच नजरेने करावा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभरावर उपकरणे तपासली. मायलेज लक्षणीय वाढवणारे त्यात एकही सापडले नाही.

नागपूरच्या उन्हाचा मिश्रणावर परिणाम होतो का?

पारा ४५ अंशांवर असताना हवा १५ अंशांच्या तुलनेत सुमारे १० टक्के विरळ असते. कार्ब्युरेटरला हे कळत नसे, म्हणून उन्हाळ्यात गाडी रिच होई. इंजेक्शनची गाडी हवेचे तापमान मोजून पेट्रोल कमी करते. क्रूझिंगला चालक नकळत थ्रॉटल थोडा जास्त उघडतो आणि हिशेब जुळतो. उन्हाळ्यात मायलेज घटते ते मुख्यतः एसीच्या भारामुळे. ठोकणे टाळण्यासाठी प्रज्वलन मागे घेतले जाते, त्याचाही थोडा वाटा असतो.

एअर फिल्टरचेही असेच आहे. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या २००९ च्या अभ्यासात, फिल्टर चोंदला तरी आधुनिक इंजेक्शन गाडीच्या मायलेजमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. गाडीचा जोर मात्र कमी झाला. फिल्टर बदलायचा तो धूळ इंजिनात जाऊ नये म्हणून.

आपल्या गाडीचे मिश्रण ठीक आहे हे कसे कळेल?

भारतात २०१३ पासून पेट्रोल कारना ओबीडी-२ प्रणाली आली. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये छोटा ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाइलवर आकडे बघता येतात. त्यात दोन आकडे महत्त्वाचे. ‘शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम’ म्हणजे या क्षणी ईसीयू मूळ हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवत किंवा घटवत आहे, आणि ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ म्हणजे तो आजवर काय शिकला आहे. इंजिन गरम झाल्यावर, सपाट रस्त्यावर, एकसारख्या वेगात दोन्हींची बेरीज बघावी. हे काम शेजारी बसलेल्याने करावे, चालकाने नव्हे.

बेरीज उणे १० ते अधिक १० च्या आत असेल तर काळजीचे कारण सहसा नसते. ई-१० साठी जुळवलेल्या गाडीत ई-२० मुळे त्यातले चारेक टक्के वाढलेले दिसतील. तेही स्वाभाविक आहे.

खरी गोम इथे आहे. समजा, इनटेकचा होस चिरल्यामुळे किंवा फ्युएल फिल्टर तुंबल्यामुळे गाडी आधीच १५ टक्के पेट्रोल वाढवून कशीबशी प्रमाण सांभाळत होती. ई-२० चे ४ टक्के त्यात पडले की दुरुस्तीची मर्यादा गाठली जाते. ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो, कोड येतो ‘पी०१७१’, म्हणजे मिश्रण पातळ. दोष इंधनावर जातो, पण मूळ बिघाड जुना असतो.

बिघाड कुठे आहे याचा अंदाजही ट्रिमवरून येतो. मॅफ सेन्सरच्या गाडीत ट्रिम आयडलला खूप जास्त आणि वेगात कमी असेल तर हवेची गळती शोधावी. आयडलला ठीक आणि क्रूझिंगला वाढत जात असेल तर फ्युएल पंप, फिल्टर, तुंबलेले इंजेक्टर किंवा मळलेला मॅफ सेन्सर तपासावा. मॅप सेन्सरच्या गाडीत हवेची गळती ट्रिममध्ये फारशी दिसत नाही. तिथे आयडलचा वेग चढलेला दिसतो. मेकॅनिकला ‘सेट करून द्या’ म्हणण्याऐवजी हे आकडे दाखवले तर काम नेमके होते.

बॅटरीची तार काढून ‘रिसेट’ करून घेण्याआधी ट्रिम जरूर नोंदवून ठेवा. तार काढताच ईसीयूने शिकलेले अनेकदा पुसले जाते. दिवा विझतो, पण बिघाड तसाच राहतो आणि त्याचा मागही हरवतो.

मग मायलेज वाढवायचे तरी कसे?

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि सपाट भागात कारसाठी वेगमर्यादा १२० आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १०० वरून १२० वर गेल्यास तो ४४ टक्क्यांनी वाढतो. पूर्ण मार्ग १२० ने कापला तर पावणेसहा तासांच्या किंचित वर आणि १०० ने कापला तर सात तास लागतात. वाचणाऱ्या सवा तासासाठी मोजावे लागणारे पेट्रोल ई-२० मुळे जाणाऱ्या पेट्रोलपेक्षा सहज जास्त असते. शिवाय एसी सुरू, गाडी भरलेली, पुढे चढ आणि पाय पूर्ण दाबलेला असेल तर छोट्या इंजिनावर भार इतका येतो की एक्झॉस्ट थंड ठेवण्यासाठी ईसीयू स्वतःच मिश्रण रिच करू शकतो. म्हणजे महामार्गावर मिश्रण बिघडवण्याची ताकद स्क्रूत नाही, चालकाच्या उजव्या पायात आहे.

उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची सवयही सोडावी. गिअरमध्ये असताना पाय काढला की ईसीयू फवारा पूर्ण बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन आयडलवर चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जळतच राहते, आणि इंजिनाचा ब्रेकही मिळत नाही. टायरमधली हवा कंपनीने सांगितलेल्या दाबावर ठेवणे, रिकामा रूफ कॅरिअर काढून ठेवणे आणि प्लग वेळेवर बदलणे या साध्या गोष्टींचा हिशेब कोणत्याही रीमॅपपेक्षा पक्का आहे.

थोडक्यात, क्रूझिंगला मिश्रण नेमके ठेवण्याचे काम गाडी स्वतः करते. ते नीट होण्यासाठी सेन्सर खरे बोलत राहिले पाहिजेत, हवा गळता कामा नये आणि इंधन पुरेशा दाबाने आले पाहिजे. ट्यूनिंगवर खर्च करण्याआधी एकदा ट्रिमचा आकडा बघा. तो दहाच्या आत असेल तर पैसे खिशात ठेवा. पुढच्या प्रवासात १२० ऐवजी १०० ने जाऊन पंपावर फरक मोजा.